ओळीची उंची वाढवून मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रिडसाहेब,
तक्ता विभाग, मु. ब्राउझर

अर्जदार : शेरा, रकाना शेवटचा, मु. वावर, ता. जव्हार, जि. पालघर

महोदय,

अर्जदाराचे घराणे जुने आहे. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाड्या आल्या, रजिस्टरे आली. नाव, वय महिन्यांत, वजन, उंची, श्रेणी असे सगळे मानकरी बसले की कडेला उरेल त्या जागेत अर्जदाराची सोय होई. त्याबद्दल तक्रार नाही. जागा संपली की सेविकाताई खालच्या ओळीत उतरत, समासात चढत, अगदीच भागेना तर चिठ्ठी डकवत. कागद कधी नाही म्हणाला नाही.

आपल्या राज्यात मात्र ओळीची उंची आधी ठरते आणि मजकुराने त्यात मावायचे असते. आपल्या आप्तांपैकी, वेबपानांवर तक्ते मांडणारे एजी ग्रिड घ्या. त्यांच्या बाल्हम या पोशाखात ओळ २८ पिक्सेलची, अल्पाइनमध्ये ४२ची. मावले नाही तर पुढे तीन टिंबे.

नमुन्यादाखल एक शेरा जोडला आहे : ‘आई-वडील भिवंडीकडे वीटभट्टीवर, मूल सोबत नेले, होळीला येतील, जाण्यापूर्वी दंडाचा घेर ११.२ सेंमी.’ आपल्या पडद्यावर उरले ते ‘आई-वडील भिवंडीकडे वी…’. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषित धरतात, हे आपल्याला कुणी सांगितले नसावे. आपली टिंबे बरोबर त्या आकड्यावर बसली आहेत.

वावर-वांगणी हे नाव आपल्या कानांवर नसेल. १९९२-९३मध्ये इथे कुपोषणाने मुले दगावली. सव्वाशेचा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. त्या वेळी जिल्हा ठाणे होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. त्या मृत्यूंनंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसू लागले. जव्हार-मोखाड्यातली वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे आजही दिवाळी सरली की भट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि वजनाच्या दिवशी मूल हजर का नाही, एवढे सांगायला तक्त्यात एकटा अर्जदारच उरतो. वजनाचा रकाना त्या दिवशी रिकामा असतो, आणि रिकाम्या रकान्याला आपण फार सुबक मांडता, हे मान्य केले पाहिजे.

मार्च २०२१मध्ये अंगणवाडीची माहिती भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन कुचकामी आणि ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार. त्या भांडणात अर्जदार पडत नाही. त्याचा वाद आपल्या जातीशी, म्हणजे गोळा झालेली माहिती कचेरीतल्या पडद्यावर ओळींत बसवणाऱ्यांशी आहे.

आपली बाजूही ऐकून घेतली आहे. दहा हजार ओळींचा तक्ता उघडला तरी आपण पडद्यावर दिसतील तेवढ्या आणि वर-खाली थोड्या जास्त, इतक्याच ओळी उभ्या करता. सरकवले की जुन्या मोडून नव्या. म्हणूनच तर साधा संगणकही धापा टाकत नाही. पण त्यासाठी कितवी ओळ कुठे येणार हे आधी कळावे लागते, आणि सगळ्यांची उंची सारखी असली की नुसता गुणाकार पुरतो. हिशेब चोख आहे. साध्या एचटीएमएल तक्त्याला मात्र पहिल्यापासून, मजकूर वाढला की ओळ वाढवायची, हे न सांगता जमते. तो गरीब, तुम्ही श्रीमंत. म्हणून तुम्हाला वेगळे सांगावे लागते.

सांगितले की ऐकता, हेही खरे. मजकूर गुंडाळू द्यावा आणि उंची आपोआप ठरावी, अशा दोन कळा आपल्याकडे आहेत. बहुतेकांच्या त्या बंदच असतात. अख्खी आडवी ओळ एकालाच देण्याचीही सोय आहे. ती अर्जदाराला नको. अशी ओळ मुळात स्वतंत्र ओळच असते. साहेबांनी वजनावर टिचकी मारून क्रम बदलला की मूल एका टोकाला आणि त्याचा शेरा भलत्याच मुलाखाली! ओळ उघडून आत तपशील दाखवण्याची सोय त्याहून बरी, कारण तपशील आपल्या ओळीला धरून राहतो. मात्र एजी ग्रिड त्याचे पैसे घेतात. ते परवडणार नसेल तर दोन कळांवर भागते.

उंची ठरवताना लिपी विचारात घ्यावी, ही पुरवणी मागणी. रोमन अक्षरांच्या मापाने ओळ आवळली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो, आणि ‘कुपोषित’चे ‘कपोषित’ होते. त्याच ओळीला लाल रंग मात्र आपण एका नियमात, काठोकाठ भरता.

तरी वावर, वांगणी आणि पुढे मोखाड्यापर्यंतच्या ओळींना मजकुराप्रमाणे उंची द्यावी. सरकवताना पडदा किंचित अडखळला तरी चालेल. येथील माणसांना त्याहून अवघड घाटांची सवय आहे.

आपला,
शेरा
(तक्ता उजवीकडे पूर्ण सरकवल्यास दिसेल)