एका अधू गुडघ्याच्या भावाविषयी अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री, अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस व्यावसायिक संघांचे समस्त सरव्यवस्थापक यांचे सेवेशी,

दरसाल एप्रिलअखेर महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची आपण जी आपसांत वाटणी करून घेता, तिच्या ऐन धामधुमीत एका परमुलखातील वृद्ध गृहस्थाने आपला अमूल्य वेळ घ्यावा हे प्रशस्त नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु टेक्सासात स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याच्या दिवाणखान्यात बसून हा सोहळा दूरचित्रवाणीवर पाहण्याचा योग यंदा आला. पडद्यावर चार विद्वान एका एकवीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यातील कूर्चेवर, त्या गुडघ्याच्या वर कोणी माणूस आहे याची वार्ताही नसल्यासारखे, तन्मयतेने खल करीत होते, आणि त्या भरात पुतण्या मला अभिमानाने म्हणाला, "काका, जेलन स्मिथ आमच्या डॅलसने असाच उचलला होता. पहिल्या पाचांतला मुलगा, चौतिसाव्या क्रमांकावर! अगदी स्वस्तात पडला." एरवी हा मुलगा इतका सालस, की भाजीवालीशीही घासाघीस करीत नाही. ही विद्या त्याची नव्हे, ती त्याने आपल्यापासून उचलली, हे मी ताडले; सबब हे पत्र त्याला न लिहिता आपणांस लिहीत आहे.

मुलगा गुणी आहे, पण दुखापतीचा आहे, तर घ्यावा की सोडावा, हा आपल्यापुढील सनातन प्रश्न. त्यावर आपण जे गंभीर चिंतन करता त्याविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार एवढीच, की या चिंतनात धोका नेहमी आपला असतो आणि गुडघा नेहमी त्याचा.

स्मिथचेच प्रकरण घ्या. हा नोत्र दाम विद्यापीठाचा लाइनबॅकर, म्हणजे प्रतिपक्षाचा चेंडूवाहक हुडकून त्याला जमिनीवर लोळवणे हे ज्याचे विहित कर्म असा बचावपटू. लाइनबॅकरांना मिळणाऱ्या बटकस पारितोषिकाचा २०१५ सालचा मानकरी. १ जानेवारी २०१६ रोजी अ‍ॅरिझोनातील ग्लेंडेल येथे ओहायो स्टेटविरुद्धच्या फिएस्टा बाउल सामन्यात, पहिल्याच चरणात, त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले आणि पाऊल वर उचलणाऱ्या मज्जातंतूलाही इजा पोहोचली. या सामन्यावर राष्ट्रीय अजिंक्यपद अवलंबून नव्हते. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने आदल्याच दिवशी अन्यत्र उरकले होते. ज्या खेळाचा मोबदला विद्यार्थिवृत्तीपलीकडे काही नव्हता, त्या खेळातील ज्या सामन्याने काही ठरणार नव्हते, त्या सामन्यात हा गुडघा गेला. त्याच मैदानावर त्याच दिवशी समोरच्या बाजूने चार टचडाउन करणारा इझिकिअल एलियट चार महिन्यांनी शिकागोत डॅलसने चौथ्या क्रमांकावर घेतला, आणि त्याच्या पदरी चार वर्षांचे सुमारे अडीच कोटी डॉलर पडले. दुसऱ्या दिवशी त्याच डॅलसने स्मिथला चौतिसाव्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याच मुदतीचे मोल सुमारे पासष्ट लाखांवर आले. यात एक बारकावा असा, की ज्या शल्यविशारदाने स्मिथचा गुडघा शस्त्राने उघडून आतील अवस्था प्रत्यक्ष पाहिली होती, तो डॅलस संघाचाच वैद्य होता. बाकीचे संघ कागदपत्रे आणि छायाचित्रे चाळीत बसले होते. यात बेकायदा असे तिळमात्र नाही. बेकायदा काही सापडले असते तर मला इतका संताप आला नसता.

इंडियानापोलिस येथील आपल्या वार्षिक परीक्षेविषयी मी जे वाचले त्यावरून आमच्याकडील एका जुन्या वहिवाटीचे स्मरण झाले. तीनशेंहून अधिक तरुण तेथे बोलावले जातात. धावणे, उड्या मारणे हे लोकांच्या डोळ्यांपुढे. खरी परीक्षा बंद खोलीत. अर्ध्या चड्डीतला मुलगा तपासणीच्या मेजावर उताणा पडतो. वैद्य त्याचा गुडघा किंचित वाकवतो, एका हाताने मांडी घट्ट धरतो, दुसऱ्याने पोटरीमागून नडगीचे हाड पुढे ओढून पाहतो, की अस्थिबंध ते कोठे अडवतो की नुसतेच सरकू देतो. एका संघाच्या वैद्याचे समाधान झाले की तोच गुडघा दुसऱ्याच्या हाती. नुकताच शिवलेला, कोवळा गुडघा! आणि चेहऱ्यावर वेदना दिसता कामा नये, कारण वेदनेचीही टिपणी होते. शंका उरली तर एप्रिलमध्ये पुनश्च बोलावणे. आमच्याकडे पूर्वी मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे संपवून "जरा चार पावले चालून दाखव हो, बाळ" असे गोड आवाजात सांगत, ते पाय लंगडा नाही ना हे पाहण्यासाठी; आणि लंगडा निघाला तर सोयरीक मोडत असे, असे मात्र नव्हे. हुंडा वाढत असे. मुलीचा बाप मान खाली घालून आकडा कबूल करी आणि गावभर वरपक्षाच्या औदार्याची वाखाणणी होई. आपल्या औदार्याची वाखाणणी मी त्या दिवाणखान्यात याच कानांनी ऐकली.

आपण म्हणाल, धोका पत्करणाऱ्याने सवलत मागितली तर बिघडले काय? मार्कस लॅटिमोरचा दाखला आपण पुढे कराल. साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. २०११ मध्ये डावा गुडघा गेला, २०१२ मध्ये उजवा निखळला. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला २०१३ साली चौथ्या फेरीत, १३१ व्या क्रमांकावर घेतले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात एकही सामना न खेळता त्याने निवृत्ती पत्करली. दाखला मला मान्य आहे. पण त्याच सॅन फ्रान्सिस्कोने २००५ साली, दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध तुटून शिवलेला फ्रँक गोर ६५ व्या क्रमांकावर घेतला. तो सोळा हंगाम धावला आणि सोळा हजार यार्डांच्या मजलेने सर्वकालीन धावपटूंच्या यादीत तिसऱ्या जागी जाऊन बसला. लॅटिमोरचे नुकसान आपण प्रत्येक मुलाच्या भावातून आगाऊ वसूल करता. गोरपासून झालेला नफा मात्र कोणत्याही मुलाच्या खाती जमा झाल्याचे ऐकिवात नाही. आपल्यापाशी सात फेऱ्या असतात. त्याच्यापाशी गुडघे दोनच.

आणि हा गुडघा महाविद्यालयात मोडलाच का? कारण माध्यमिक शाळा सुटल्यावर तीन वर्षे लोटल्याखेरीज आपल्या दारात पाऊल टाकू नये, हा दंडक आपलाच. मॉरिस क्लॅरेट नावाच्या मुलाने त्याविरुद्ध फिर्याद गुदरली. २००४ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल आपल्या पदरात टाकला. म्हणजे तीन वर्षे हाडे अन्यत्र झिजवून यावीत हे फर्मान आपले, आणि झीज दिसताच वटाव कापून घेणारे हातही आपलेच! २०१६ च्या डिसेंबरात, स्मिथची गत डोळ्यांपुढे असताना, मॅकॅफ्री आणि फोर्नेट या महाविद्यालयीन खेळाडूंनी हंगामाअखेरचे सामने खेळण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना स्वार्थी ठरविणारे लोकही निघाले. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावारूपावर चार पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. त्याचे श्रेय आपले नाही.

इथवर लिहिल्यावर कबूल करणे भाग आहे, की आपली खुर्चीही मऊ नाही. स्मिथच्या वर्षी एका निवडीला पहिल्या फेरीत दहा मिनिटे मिळत, दुसरीत सात. तुटलेला मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तो पायापर्यंत पोहोचेल की वाटेतच थांबेल, हे त्याला शिवणाऱ्याला सांगता येत नाही, आणि आपण ते सात मिनिटांत सांगायचे! चुकलात तर नोकरी जाते. (डॅलसचे सरव्यवस्थापक हे संघाचे मालकच असल्याने त्यांना बडतर्फ कोणी करावे, हा प्रश्न त्या शहरात उद्भवत नाही.) स्मिथला निदान कोणीतरी घेतले, अख्खा २०१६ चा हंगाम एकही सामना न खेळता बसवून वेतन दिले, आणि त्याचे पाऊल उचलण्याची वाट पाहिली, हेही डॅलसच्या बाजूने नमूद करतो. ज्यांनी त्याला टाळले, त्यांच्यापेक्षा घासाघीस करणारा बरा. रात्री दोनला गुडघ्याच्या छायाचित्रातील करड्या-काळ्या सावल्यांकडे पाहत बसलेला आपल्यापैकी एखादा माझ्या नजरेसमोर येतो तेव्हा माझा राग ओसरतो.

पण मग २०२१ आठवते. स्मिथ बरा झाला होता, हंगामाचे पुरते सोळा सामने खेळला होता, २०१९ मध्ये निवडक खेळाडूंना मिळणारा प्रो बाउलचा मान मिळवून मोठा करारही पटकावून बसला होता. २०२१ च्या ऑक्टोबरात डॅलसने त्याला भर हंगामात मोकळे केले. त्याचे पुढील सालचे वेतन दुखापतीच्या प्रसंगी हमीचे होते. तो पुन्हा जायबंदी झाला असता तर ते देणे भाग पडले असते. आरंभी पाय मोडला म्हणून भाव उतरला, अखेरीस मोडला तर पंचाईत होईल म्हणून धडधाकट माणसालाच निरोप मिळाला! खेळ पहिल्यासारखा उरला नव्हता, असे आपण म्हणाल. उरला नसेल, सव्वीस वर्षांचा होता तो. पण शरम नावाची काही चीज आपल्या करारनाम्यात कोठेतरी, तळटिपेत का होईना, असू द्या की!

२०११ च्या कामगार-तहनाम्याने क्रमांकागणिक वेतन बांधून टाकले आहे, आमचे हात बांधलेले आहेत, हा आपला अखेरचा बचाव. हात आपणच, खेळाडूंच्या संघटनेला समोर बसवून, बांधून घेतलेत. त्या तहनाम्याप्रमाणेच सध्याचाही म्हणतो की नवागताचा करार तीन हंगाम उलटेपर्यंत बदलू नये. मग बरे झालेल्या गुडघ्याला भरपाई मिळणार कधी? सबब माझी दरखास्त येणेप्रमाणे. महाविद्यालयात खेळताना झालेल्या दुखापतीमुळे जो मुलगा खाली घसरला, तो दोन हंगाम उभा राहिला की त्याच्या वेतनातील कपात त्याला परत मिळावी, आणि तो उभा राहू शकला नाही तर त्याच्या उपचारांचा खर्च सर्व संघांनी मिळून सोसावा. सध्याचा तहनामा २०३० च्या हंगामापर्यंत चालेल. पुढच्या वाटाघाटींत हे कलम आपणच मांडावे.

तोवर गुणी पण जायबंदी मुलाला घ्यावे की सोडावे, असे आपण विचारलेच, तर माझे उत्तर आहे: घ्यावे. फक्त स्वस्तात पडला असे सांगत फिरू नये.