मुठाबाई, मंडळ काढा

मुठाबाई, तुमचं चुकलंच. तुम्ही निमूट वाहत राहिलात. पुण्यात वाहणाऱ्याला कोणी विचारत नाही. रस्ता अडवणाऱ्याला विचारतात.

2021 चा सप्टेंबर आठवा. लकडी पुलावर (पाटीवर छत्रपती संभाजी पूल) मेट्रोचे गर्डर चढायचे होते. गणेश मंडळं म्हणाली, विसर्जनाचे रथ खालून न्यायचे कसे? झालं, काम थांबलं. करोनामुळे त्या वर्षी मिरवणूकच नव्हती. तरी न निघणाऱ्या रथांच्या उंचीवर बैठका झाल्या, महापालिकेत आवाज चढले. गर्डर यथावकाश चढलेच, पण विचारपूस तरी झाली! ते रथ ज्या पाण्याकडे निघतात, त्या पाण्याच्या पात्रातल्या खांबांसाठी एवढी गर्दी काही जमली नाही.

वनाज-रामवाडी मार्गाचा सुमारे 1.7 किलोमीटरचा तुकडा तुमच्या पात्रातून गेला. शेजारीच जंगली महाराज रस्ता होता, पण तिथे खांब रोवले तर वाहनं अडतात. पात्रात काय, नुसतं पाणी अडेल! काही नागरिक 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. काम काही काळ थांबलं, तज्ज्ञांनी पाहिलं, शेवटी अटींसह परवानगी मिळाली. अटी कागदावर आहेत, खांब पात्रात.

संगमाच्या पुढे तर आणखी मौज. नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस आडवा आला. राष्ट्रीय स्मारकापासून 100 मीटरच्या आत बांधकामाला कायद्याने बंदी. 1892 ची वास्तू, गांधीजींची नजरकैद तिथली, कस्तुरबांची समाधी तिथली. मार्ग वळवला हे उत्तमच झालं. पण वळवून नेला कल्याणीनगरमधून, म्हणजे सालिम अली पक्षी अभयारण्याच्या अंगावरून. पक्ष्यांची बाजू लंगडी. अभयारण्य हे लोकांनी दिलेलं नाव, सरकारी अधिसूचना नाही. घार, बगळा, खंड्या यांच्यापैकी एकानेही मुदतीत हरकत नोंदवली नाही.

वारशाकडे दुर्लक्ष झालं असं मात्र कोणी म्हणू नये. डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी आहेत. पात्रात खांब, खांबांवर स्थानक, स्थानकावर पगडी. वारसा असा डोक्यावर घेतला की पायाखाली काय आहे ते बघावं लागत नाही.

मेट्रो नको म्हणणारा मी नव्हे. या शहरातल्या दुचाक्या पाहता ती आधीच यायला हवी होती. मीही बसतो. वरून तुम्ही छान दिसता, आणि काचा बंद असल्याने वासही येत नाही.

म्हणून सांगतो, मंडळ काढा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, अध्यक्षपदी एखादा माजी नगरसेवक बसवा, चौकात फ्लेक्स लावा, निळ्या पूररेषेवर मांडव टाका. तो हलवायची कोणाची छाती नाही. कार्यकर्त्यांची चिंता नको. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या घरांत शिरलं. त्यात मेट्रोचा दोष नाही, पण नदीचं पात्र कुठपर्यंत असतं हे तिथल्या लोकांना आता कोणी समजावून सांगायची गरज उरलेली नाही. आधी त्यांच्याकडे जा. आणि वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.