गोळीला अपील नाही

अमेरिकेतल्या आरोग्यविमा कंपन्या मंजुरी द्यायला फार वेळ लावतात, हा आरोप निदान एका बाबतीत खोटा ठरला आहे. 4 डिसेंबर 2024 रोजी भल्या सकाळी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये हिल्टन हॉटेलबाहेर युनायटेडहेल्थकेअर या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन थॉम्पसन यांची गोळ्या झाडून हत्या झाली. गुंतवणूकदारांच्या वार्षिक बैठकीसाठी ते तिथे आले होते. पुढच्या काही दिवसांत विमा कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवरून साहेबलोकांचे फोटो उतरवले आणि संरक्षणाची तजवीज केली. युनायटेडहेल्थकेअरची मूळ कंपनी असलेल्या युनायटेडहेल्थ ग्रुपने त्या वर्षी बड्या अधिकाऱ्यांच्या सुरक्षेवर सुमारे 17 लाख डॉलर खर्च केले. या उपचारासाठी कुणी पूर्वपरवानगीचा अर्ज मागितला नाही, कुणी 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' असा शेरा मारला नाही आणि 'आधी स्वस्तातली शिट्टी वापरून पाहा, गुण आला नाही तर अंगरक्षकाचा विचार करू' असेही कुणी सुचवले नाही. रोग्याला जे महिनोन्महिने मिळत नाही ते मालकाला काही दिवसांत मिळाले. मनात आणले तर ही यंत्रणा किती चपळ होऊ शकते, हे यातून कळले.

जनतेनेही चपळाई दाखवली. कंपनीने शोकसंदेश टाकला, तर त्याखाली हजारो लोकांनी हसऱ्या चेहऱ्याची चिन्हे डकवली. काडतुसांवर 'डिले', 'डिनाय', 'डिपोज' असे शब्द लिहिलेले सापडले. यातले पहिले दोन, म्हणजे 'रखडवा' आणि 'नाकारा', विमा कंपन्यांच्या टीकाकारांच्या तोंडी कितीतरी वर्षे आहेत, त्यामुळे खुनाचा हेतू लोकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकला. पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी मॅकडॉनल्ड्समध्ये लुइजी मँजिओनी हा 26 वर्षांचा तरुण पकडला गेला. गुन्हा त्याने कबूल केलेला नाही. पण न्यायालयात साक्षीदाराने तोंड उघडण्याआधीच बाजारात त्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट आले आणि मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यांची चार दिवस चंगळ झाली. वकिलाच्या खर्चासाठी जमलेली वर्गणी 10 लाख डॉलरच्या पुढे गेली. एमर्सन कॉलेजच्या डिसेंबर 2024 च्या पाहणीत 18 ते 29 वयोगटातल्या 41 टक्के तरुणांनी ही हत्या कमीअधिक प्रमाणात स्वीकारार्ह ठरवली. या सगळ्यात एक तपशील मागे पडला. आरोपी आपला विमाधारक नव्हता, असे कंपनीनेच सांगितले. तो सुखवस्तू घरातला, नामांकित विद्यापीठात शिकलेला. गरिबांचा कैवारी निवडताना जनतेनेही कागदपत्रे तपासली नाहीत म्हणायची!

राग मात्र बनावट नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये सिग्ना या विमा कंपनीची एक पद्धत उजेडात आणली. रोगाचे निदान आणि केलेली तपासणी यांची जोडी ठरावीक यादीत बसते का, हे संगणक पाहायचा. बसत नसेल तर असे दावे गठ्ठ्याने कंपनीच्या डॉक्टरकडे जायचे आणि डॉक्टर रुग्णाची फाइल न उघडता सही करायचा. 2022 मधल्या दोन महिन्यांत असे तीन लाखांहून जास्त दावे नाकारले गेले आणि त्यांवर सरासरी 1.2 सेकंद खर्च झाले. एवढ्या वेळात माणसाला धड शिंकताही येत नाही. नेहमीच्या तपासण्यांचे पैसे लवकर चुकते व्हावेत म्हणून ही सोय आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. दुसरे उदाहरण युनायटेडहेल्थकेअरचेच. पक्षाघात झाला किंवा पडून हाड मोडले की वृद्धांना रुग्णालयानंतर काही आठवडे पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीच्या ऑक्टोबर 2024 च्या अहवालानुसार, सरकारी पैशातून चालणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनेत अशा उपचारांना युनायटेडहेल्थकेअरकडून मिळणाऱ्या नकाराचे प्रमाण 2020 मध्ये 10.9 टक्के होते, ते 2022 मध्ये 22.7 टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची हाडे दुप्पट मजबूत झाली असतील तर गोष्ट वेगळी.

म्हणूनच टाळ्या वाजवणाऱ्यांचे नवल वाटते. फाइल न उघडता सही करणाऱ्या डॉक्टरवर त्यांचा राग आहे आणि ज्याला डोक्यावर घेतले त्याने, तो कुणीही असो, दुसरे काय केले? ऐकून घेणे नाही, कारण देणे नाही, दाद मागायला जागा नाही. एका माणसाकडे नुसते पद म्हणून पाहायचे आणि निकाल लावून मोकळे व्हायचे. विमा कंपनीच्या नकाराच्या पत्राखाली निदान बारीक अक्षरांत अपिलाचा पत्ता असतो. कंपनीचा जो दोष सर्वांत घृणास्पद, तोच लोकांना क्रांती म्हणून आवडावा, यापरते कंपनीच्या कार्यसंस्कृतीचे यश कोणते?

'अहो, पण गोळीशिवाय हे लोक ऐकत नाहीत', असे म्हणणारे लगेच अँथम या विमा कंपनीचा दाखला देतात. शस्त्रक्रियेत ठरावीक वेळेपलीकडे दिलेल्या भुलीचे पैसे देणार नाही, असे या कंपनीने तीन राज्यांसाठी जाहीर केले होते आणि हत्येच्या दुसऱ्याच दिवशी तो निर्णय मागे घेतला. दाखला बिनतोड वाटतो खरा. पण भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नोव्हेंबरातच त्या निर्णयाविरुद्ध आवाज उठवला होता आणि लोकप्रतिनिधीही कंपनीच्या मागे लागले होते. भूलतज्ज्ञांचे श्रेय बंदुकीला देऊन टाकणे हाही एक प्रकारचा दावा नाकारणेच झाले. जून 2025 मध्ये डझनावारी कंपन्यांनी पूर्वपरवानगीची कटकट कमी करू असे वचन दिले, तेही गोळीचेच फळ म्हणून दाखवले जाते. अशाच आणाभाका 2018 मध्ये डॉक्टरांच्या आणि रुग्णालयांच्या संघटनांबरोबर बसून घेतल्या गेल्या होत्या. तेव्हा कुणी गोळी झाडली नव्हती. वचन तेव्हाही ऐच्छिक होते, आताही ऐच्छिकच आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

हा पीळ खुर्चीत बसलेल्या माणसात नसतो. 2024 या वर्षात युनायटेडहेल्थ ग्रुपचा महसूल 400 अब्ज डॉलरवर गेला आणि साहेब गेले तरी गल्ला थांबला नाही. कंपनीचा समभाग खऱ्या अर्थाने कोसळला तो 2025 च्या एप्रिल-मेमध्ये, तेव्हा हत्येच्या वेळच्या निम्म्याखाली आला. मोठे कारण काय, तर विमाधारक अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात डॉक्टरकडे जाऊ लागले आणि उपचारांचा खर्च अंदाजाबाहेर गेला. विमा काढणारी माणसे विमा वापरतात, हे कळल्यावर शेअर बाजाराला झीट आली. पुढे काही भागधारक न्यायालयात गेले. लोकक्षोभामुळे दावे नाकारण्याचे आक्रमक धोरण आता पूर्वीसारखे चालणार नाही, ही गोष्ट कंपनीने आमच्यापासून दडवली, असा त्यांचा आरोप. रुग्ण म्हणतो तुम्ही फार नाकारता. भागधारक म्हणतो तुम्ही पुरेसे नाकारणार नाही हे आधी का नाही सांगितले? या दुसऱ्या तक्रारदाराच्या छातीवर कोणती बंदूक रोखणार? त्याचे पैसे पेन्शन फंडातून आलेले असू शकतात आणि ते पेन्शन टाळ्या वाजवणाऱ्याच्याच वडिलांचे असू शकते.

बंदुकीचा नेम तरी निदान वरच्यांवर असतो, हे समाधानही टिकत नाही. जुलै 2025 मध्ये हिल्टनपासून जवळच, पार्क ॲव्हेन्यूवरच्या 345 क्रमांकाच्या इमारतीत एक बंदूकधारी शिरला. त्याचा राग विम्यावर नव्हता, अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगवर होता. त्याने चुकीची लिफ्ट पकडली आणि भलत्याच कंपनीच्या मजल्यावर जाऊन पोहोचला. चौघांचे जीव गेले. त्यांत दाराशी जादा ड्युटी करणारा पोलीस होता आणि तळमजल्यावरचा सुरक्षारक्षकही. लीगचे मुख्य साहेब सुखरूप राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात बंदुकीच्या या न्यायव्यवस्थेचा हात कुणी धरणार नाही. वरच्या मजल्यावर रोखलेली गोळी वाटेत उभ्या असलेल्या पगारदाराला आधी गाठते.

विमा कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती अगदीच टाकाऊ नाही. नाकारले नाही तर हप्ते वाढतील. बिले फुगवतात ती रुग्णालये आणि औषध कंपन्या, शिव्या मात्र आम्हाला, असे त्या म्हणतात. 2023 मध्ये अमेरिकेचा आरोग्यावरचा खर्च 4.9 लाख कोटी डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 17.6 टक्के होता. इतका पैसा एकट्या विमा कंपनीच्या खिशात मावणार नाही, हे खरे. पण ओबामांच्या काळातल्या कायद्याने हप्त्याच्या 80 ते 85 टक्के रक्कम उपचारांवर खर्च करणे बंधनकारक केले. उरलेल्या 15-20 टक्क्यांतच आस्थापना आणि नफा. टक्केवारी बांधलेली असली की एकूण रक्कम वाढली तरच आपला वाटा वाढतो. तेव्हा खर्च खाली आणण्याची कंपनीला कळकळ आहे, यावर विश्वास ठेवायला फार मोठे मन लागते. खर्च आवरायचा म्हणून रोग्याला नाकारायचे आणि हप्ता वाढवायचा म्हणून तोच खर्च पुढे करायचा, असा हा दोन्ही हातांचा धंदा आहे.

या धंद्याचे खरे भांडवल लोकांचा कंटाळा आहे. कैसर फॅमिली फाउंडेशन म्हणून पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या 'केएफएफ' या संस्थेच्या आकडेवारीनुसार, 2023 मध्ये सरकारी विमाबाजारातल्या कंपन्यांनी आपल्याच यादीतल्या डॉक्टर-रुग्णालयांचे 19 टक्के दावे नाकारले. त्याविरुद्ध कंपनीकडे अपील करणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये पूर्वपरवानगी नाकारली गेल्यावर सुमारे 12 टक्के प्रकरणांत अपील झाले आणि त्यांतल्या जवळजवळ 82 टक्के प्रकरणांत कंपनीला आपला नकार पूर्णपणे किंवा काही अंशी फिरवावा लागला. जे भांडले त्यांतले बहुतेक जिंकले आणि बाकीचे भांडलेच नाहीत. आजारी माणसाला फॉर्म भरत बसायला लावणे हाच मुळात अन्याय आहे, हे कबूल. म्हणूनच तो फॉर्म त्याच्यासाठी भरून देणारी माणसे, नकाराची आकडेवारी दर वर्षी जाहीर करायला लावणारा कायदा आणि फाइल न उघडता सही करणाऱ्या डॉक्टरवर कारवाई या मागण्यांसाठी वर्गणी जमायला हवी होती. जमली ती एका खटल्यासाठी. टी-शर्टवर अपिलाचा अर्ज शोभून दिसत नाही ना!

आपल्याकडच्या मेडिक्लेमवाल्यांनी हे सारे परदेशातली भानगड म्हणून वाचू नये. 2023-24 मध्ये भारतातल्या विमा कंपन्यांनी सुमारे 15 हजार कोटी रुपयांचे आरोग्यविम्याचे दावे अमान्य केले. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. डिस्चार्जचा कागद हातात घेऊन संध्याकाळपर्यंत टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, उत्तराची वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना हा नियम बहुधा ठाऊकच नसतो. तेव्हा दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात आणि त्यासाठी फी पडत नाही.