सातपुड्यातलं फुकटचं काश्मीर

पायथ्याच्या खापर गावात बर्फ पडत नाही. त्यासाठी देवगोई घाट चढून डाब-वालंब्याकडे जावं लागतं. तिथेही आकाशातून काही पडत नाहीच. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली ऊब सोडून देते, गार हवा खोलगट जागी साचते आणि गवतावरचं दव गोठतं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर पेटीत सुरक्षित. तो चार-पाच अंश दाखवत असतानाही खाली गवताचं पातं शून्य गाठू शकतं. पण एवढं शास्त्र कोण ऐकतो? बातमीत ‘मिनी काश्मीर’ छापून आलं की झालं!

मग दिवस उजाडायच्या आत अख्खं कुटुंब जीपमध्ये. काकू साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, त्यावर पुन्हा पदर अशा जामानिम्यात. काका तिथे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावरचा पांढरा थर नखाने खरवडतात. चिमूटभर निघतो. तो आधी मोबाइलला दाखवायचा, मग पोरांना. ‘मनालीचे पैसे वाचले,’ असं काका जाहीर करतात, तोवर ऊन येतं आणि काश्मीरचं पाणी होतं.

रात्रभर शेकोटीपाशी जागून काढलेला डाबचा माणूस हे सगळं पाहत उभा असतो. त्याच्या स्ट्रॉबेरीची पानं करपतील का, हे कुणी विचारत नाही. त्याला एवढंच सांगतात, ‘दादा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.’