संदर्भकाका

संदर्भकाकांना खरं नाव आहे, पण ते सोसायटीच्या देखभालीच्या पावतीखेरीज कुठे वापरात नाही. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत सत्यनारायण असो, बारसं असो की गच्चीवरची कोजागिरी, कुणी जरा ऐसपैस विधान केलं की कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ प्रश्न, “याला संदर्भ काय?” विचारताना चेहऱ्यावर राग नसतो, कुत्सितपणा तर मुळीच नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. समोरचा चिडतो तो त्यामुळेच.

एकदा तळमजल्यावरच्या आजोबांनी मोबाइलवरून मेकॉलेचं ते गाजलेलं भाषण सगळ्यांना ऐकवलं. भारतभर फिरलो, भिकारी म्हणून दिसला नाही, आता यांचा कणा मोडायला हवा वगैरे. स्थळ ब्रिटिश पार्लमेंट, तारीख २ फेब्रुवारी १८३५. टाळ्या पडणार इतक्यात काका खाकरले. “त्या तारखेला मेकॉले कलकत्त्यात होता. शिक्षणावरचं त्याचं टिपणच त्या तारखेचं आहे. एकच कर्मचारी एकाच दिवशी कलकत्त्यात हजर आणि लंडनला दौऱ्यावर दाखवला, तर आम्ही प्रवासभत्ता नामंजूर करायचो.”

यातलं ‘आम्ही’ म्हणजे लेखापरीक्षण. काकांची उभी नोकरी जिल्हा परिषदांचे आणि पंचायतींचे हिशेब तपासण्यात गेली. प्रमाणक नाही, खर्च अमान्य. हजेरीपटावर अंगठा आहे, पण अंगठा कुणाचा याची साक्ष नाही, रक्कम आक्षेपाधीन. हिरव्या शाईचं ते पेन निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशाला असतं. वाण्याच्या यादीवर ते हिरव्या शाईनं बरोबरच्या खुणा करतात आणि वाणी घाबरून सुटे परत देतो.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी. काका तिथे पोचले बऱ्याच वर्षांनी, नातवाच्या शाळेच्या प्रकल्पापायी. नातवाला किल्ल्यांची माहिती उतरवून हवी होती. काकांची नजर गेली वरच्या ‘संपादन’ या शब्दावर. त्यांनी ते दाबलं, आतला मजकूर उघडा झाला, आणि ते मुलाला हाक मारून म्हणाले, “अरे, हे कुणीतरी उघडं टाकून गेलंय. त्यांना कळव, नाहीतर कुणीही येऊन काहीही लिहील.” मुलानं सांगितलं, बाबा, ते तसंच असतं, कुणीही येऊन काहीही लिहितं. त्या रात्री काका जेवले नाहीत म्हणतात. याला संदर्भ काकूंचा.

दुसऱ्या दिवशी त्यांना ‘इतिहास पहा’ सापडलं. कोणत्या ओळीतला स्वल्पविराम कुणी, किती वाजून किती मिनिटांनी हलवला, आधी काय होतं, नंतर काय झालं, सगळं शाबूत. ज्या माणसाची नोकरी ‘ती फाइल पुरात गेली’ हे वाक्य ऐकण्यात सरली, त्याला असं दफ्तर दिसणं म्हणजे काय, हे नोकरी न केलेल्याला कळणार नाही. खाडाखोड करायला सगळ्यांना मुभा, पण खाडाखोड लपवायला मात्र नाही! काकांनी सदस्यखातं उघडलं आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले.

तेव्हापासून त्यांच्या घरातली भाषा विकिपीडियाची झाली. काकूंनी नवा पदार्थ काढला की “आधी धूळपाटीवर करून पाहा,” म्हणजे थोडासाच करा. सांगितलं तेवढंच करणारा नातू ‘सांगकाम्या’. सोसायटीची सभा ‘चावडी’. काकूंनी जेवायला हाक मारली तर आतून उत्तर येतं, “आलोच, एका आमदाराचं विशेषण काढतोय.”

विशेषणं हा त्यांचा रोजचा रतीब. सकाळी चहाबरोबर ‘अलीकडील बदल’ उघडायचे आणि रात्रीतून कुठे काय उगवलंय ते पाहायचं. कुणा कार्यकर्त्यानं रात्री दीड वाजता साहेबांच्या पानावर ‘तडफदार, लढवय्ये, जनसामान्यांच्या हृदयात अढळ स्थान असलेले’ असं लिहिलेलं असतं. काका ‘तडफदार’ काढतात, ‘लढवय्ये’ काढतात, ‘हृदयात अढळ स्थान’च्या पुढे ‘संदर्भ हवा’ लावतात. शेवटी उरतं काय, तर साहेबांची जन्मतारीख आणि मतदारसंघ. जन्मतारखेपुढेही एक ‘संदर्भ हवा’. गावांच्या पानांवर तर गाव तितक्या थोरव्या. इथले लोक मनमिळाऊ आणि कष्टाळू आहेत, इथली भेळ जगप्रसिद्ध आहे, इथली हवा आरोग्यदायी आहे. काकांनी मला एकदा विचारलं, “इतकी गावं तपासली, एकाही गावचे लोक आळशी आणि भांडखोर कसे नाहीत हो? मग हे पंचायतीतले एवढे दावे कोण लढतं?” माझं मत विचाराल तर या कामाला शासनानं पगारी पदं काढायला हवीत. काका फुकट करतात म्हणून त्याची किंमत नाही.

पण त्यांचं खरं प्रेम देवळांवर. एका गावाच्या पानावर वाक्य होतं की गावाच्या मधोमध पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं, हजार वर्षांपूर्वीचं, प्राचीन हेमाडपंती मंदिर आहे. काकांनी या वाक्यावर आठवडाभर काम केलं. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मंदिर हजार वर्षांपूर्वीचं असेल तर बांधकामाच्या वेळी हेमाडपंताला जन्माला यायला दोनशे वर्षं अवकाश होता. आणि हेमाडपंताच्या काळचं असेल तर पांडव तिथे कसे? “ठेकेदार तीन, काम एकच, आणि बिलं तिन्ही पास,” काका म्हणाले. तिन्ही काढून त्यांनी लिहिलं, ‘गावात दगडी बांधणीचे एक मंदिर आहे.’ मग थोडा विचार करून ‘दगडी’पुढे संदर्भ मागितला.

हा विषय निघाला म्हणून ते मला लोकलनं अंबरनाथला घेऊन गेले. तिथल्या शिवमंदिरात शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजवटीतला. “हे पाहा,” काका हात जोडून म्हणाले, आणि त्यांनी हात देवाला जोडले की शके ९८२ ला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. “बांधलं, तारीख घातली, मोकळे झाले. याला म्हणतात कामाचा पूर्णत्वाचा दाखला.” बाहेर एक गृहस्थ मुलांना सांगत होते की हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मी काकांचा दंड धरून ठेवला.

कुणी विकिपीडियाची टिंगल केली तर मात्र काका बाजू बदलतात. मग ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकानं २००५ साली केलेली तपासणी बाहेर येते. विज्ञानाचे बेचाळीस लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियात लेखामागे सुमारे चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या ज्ञानकोशात सुमारे तीन. ब्रिटानिकानं या तपासणीवरच हरकत घेतली. “म्हणजे दोघांचेही आक्षेप प्रलंबित,” हा काकांचा शेरा.

आणि तरीही कुणी विकिपीडियावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागलं, तर त्यासाठी डिचोलीचं युद्ध राखून ठेवलेलं आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली कुणीतरी एक लांबलचक लेख चढवला. विषय होता १६४०-४१ मध्ये गोव्यातल्या डिचोलीवरून पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेला संघर्ष. चढाया, तह, तळटीपा, ग्रंथसूची, सगळा सरंजाम. त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला आणि पाच वर्षं तो टिकला. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाला शंका आली. त्यानं संदर्भात दिलेले ग्रंथ शोधले तर ते ग्रंथच अस्तित्वात नव्हते. युद्ध आणि पुस्तकं दोन्ही रचलेली! काका ही गोष्ट सांगताना इथे थांबतात आणि चष्मा पुसतात. “१६४० साली शिवाजी महाराजांचं वय किती? दहा. डिचोली कुणाकडे? आदिलशहाकडे. शहाजीराजे चाकरीत कुणाच्या? आदिलशहाच्या. चौथी ‘ब’मधलं कुठलंही पोर सांगू शकलं असतं. पण विचारलं कुणी? सगळ्यांनी तळटीपांची संख्या मोजली, तळटीप उघडून कुणी पाहिली नाही.” असं म्हणताना त्यांच्या आवाजात चक्क कौतुक येतं. इतकी नीटनेटकी खोटी प्रमाणकं त्यांनी नोकरीत फक्त एकाच तालुक्यात पाहिली होती. तालुक्याचं नाव ते सांगत नाहीत, प्रकरण निकाली निघालंय म्हणून.

काकांची भांडणंही ऐकण्यासारखी, म्हणजे वाचण्यासारखी. चर्चा पानावर ते ‘सप्रेम नमस्कार’ लिहून सुरुवात करतात आणि समोरच्याचं वाक्य का टिकत नाही ते सांगून ‘आपला स्नेहांकित’ने संपवतात. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनदापेक्षा जास्त वेळा कुणाचा बदल उलटवायचा नाही, असा दंडक आहे. काका तो इथेही उपासासारखा पाळतात. तिसऱ्यांदा उलटवलं की संगणक बंद करून ते खाली फेऱ्या मारायला येतात. त्या वेळी त्यांना पाण्याच्या टँकरचा हिशेब विचारू नये.

अशा माणसाची गाठ शेवटी तलावाशी पडली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘गावाच्या उत्तरेस शिवकालीन तलाव आहे.’ काकांनी गावाचं नाव दोनदा वाचलं. हा तलाव त्यांनी पाहिलेला होता. नुसता पाहिलेला नाही, तपासलेला होता. १९७२ च्या दुष्काळातलं ते काम, पाझर तलावाचं. काका तेव्हा नोकरीत नवे, मिसरूड फुटलेलं. उन्हात खडी फोडणाऱ्या बाया, वाटपाची सुकडी, आणि हजेरीपटांची ती थप्पी त्यांना आजही दिसते. त्यातल्या एका पटावर एकच बाई एकाच दिवशी दोन कामांवर हजर दाखवली होती, तो त्यांच्या नोकरीतला पहिला आक्षेप. म्हणजे शिवकालीन तलावाच्या मजुरीच्या बिलावर संदर्भकाकांची सही!

तुम्ही-आम्ही सरळ लिहून मोकळे झालो असतो. काका म्हणाले, “लिहिता येणार नाही. मला माहीत आहे हा संदर्भ होत नाही.” विकिपीडियात स्वतःच्या माहितीवर लिहायचं नसतं, आधी कुठेतरी छापलेलं हवं. मी म्हटलं, पण तुम्ही प्रत्यक्ष साक्षीदार आहात. यावर त्यांनी मला फिलिप रॉथचा दाखला दिला. हा अमेरिकेतला मोठा कादंबरीकार. त्याच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचं मूळ कशात आहे, याबद्दल विकिपीडियावर चुकीचं लिहिलंय अशी त्याची तक्रार होती. तर त्याला उत्तर मिळालं की दुय्यम संदर्भ लागेल. स्वतःच्या कादंबरीबद्दल! शेवटी २०१२ साली त्यानं ‘न्यू यॉर्कर’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सांगायला जागा मिळाली. मला यात रॉथची दया आली. काकांचं मत उलट. “कादंबरी त्याची असेल हो, पण कागद नको?”

तेव्हा काकांनी ‘शिवकालीन’पुढे फक्त ‘संदर्भ हवा’ लावलं आणि वाट पाहिली. संदर्भ आला. एका वृत्तपत्राच्या पुरवणीत ‘पावसाळी भटकंती’ या सदरात त्या तलावावर लेख छापून आला, आणि त्यात विकिपीडियावरचं वाक्य जसंच्या तसं. दोन दिवसांत गावातल्या कुणा उत्साही मुलानं काकांचा ‘संदर्भ हवा’ काढून तिथे त्या लेखाची तळटीप लावली. विकिपीडियावरून पुरवणीत, पुरवणीतून विकिपीडियात. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “स्वतःच खर्च करायचा, स्वतःच पावती लिहायची, आणि मधे शेजाऱ्याची सही घ्यायची. पद्धत जुनी आहे.”

ते स्वतः सोलापूरला गेले. जुन्या दफ्तरात त्या कामाचा काही कागद, एखादं टिपण तरी मिळेल अशी आशा. अभिलेख कक्षातल्या मुलीनं आजोबांना पंख्याखाली बसवलं, चहा दिला आणि नोंदवही पाहून सांगितलं की ते सगळे कागद मुदत संपल्यावर नियमानुसार नष्ट केले. काकांनी नाशाची यादी पाहायला मागितली. यादीत ‘पाझर तलाव, हजेरीपट’ अशी नोंद होती, गावाच्या नावासकट. आणि खाली दाखला, की सदर कामावर कोणताही आक्षेप शिल्लक नसल्याने कागदपत्रे नष्ट करण्यास हरकत नाही. सही हिरव्या शाईत. मधल्या काळात बदली होऊन काका पुन्हा त्याच जिल्ह्यात गेले होते, तेव्हाची.

मला वाटलं होतं माणूस खचून येईल. आले ते पेढे घेऊन. “यादीत नोंद आहे! पाझर तलाव, स्पष्ट शब्दांत!” मी म्हटलं, मग लावा की तळटीप. काकांचा चेहरा पडला. “अप्रकाशित कागद आहे हो. चालत नाही.”

पेढ्यांची बशी उचलताना काकू म्हणाल्या, “एक विचारू का? हजेरीपट जाळले, यादी चालत नाही आणि तुमचं सांगणं धरायचं नाही. मग तुम्ही तो तलाव तपासला होता, याला तरी पुरावा काय?”

काका बराच वेळ बशीकडे पाहत राहिले. मग खिशातलं हिरवं पेन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “आक्षेप मान्य.”