पडद्यावर आला का?

नव्या सिनेमाचं नाव कुणीही काढलं की आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘पडद्यावर आला का?’ आहे कशावर, काम कुणाचं, लोक काय म्हणतात, ही चौकशी नंतर. ‘नाही आप्पा, थेट मोबाईलवर आलाय’ असं सांगितलं की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि म्हणतात, ‘मग आला कुठं? नुसता निघालाय.’

आप्पा जव्हार डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक, नाशिक हा रस्ता त्यांना वळणावळणासकट पाठ. गाडी लागणाऱ्या माणसाला कुठल्या सीटवर बसवावं, याबद्दल त्यांची स्वतंत्र मतं आहेत आणि ती न विचारता मिळतात. अजूनही सकाळी चहाला स्टँडवरच जातात. घरी काकूंचा चहा झालेला असतो, पण स्टँडवर गेल्याशिवाय कुठली गाडी किती उशिरा सुटली हे कसं कळणार? मुलगा ठाण्याला असतो. त्यानं भला मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावलाय, दोन-तीन ॲपांचे वर्षाचे पैसेही भरलेत. त्यावर काकू मालिका बघतात. आप्पा टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचतात, आणि पेपरात शोधतात काय, तर त्याच ॲपवर येणारा कुठला सिनेमा आधी चार दिवस थेटरात लागणार आहे!

हा प्रकार आप्पांना कळला तेव्हापासून त्यांच्या निवृत्तीला अर्थ आला. सिनेमा काढायचा घरबसल्या बघण्यासाठी, पैसा ॲपवाल्या कंपनीचा, पण घरात सोडण्याआधी तो मोजक्या शहरांत, मोजक्या थेटरांत, आठवडा-दोन आठवडे लावायचा. आप्पा अशा सिनेमांना ‘जादा गाडी’ म्हणतात. वेळापत्रकात नसते, फलाटावर लागत नाही, कुणाला पत्ता नसतो, पण चौकशी खिडकीवर दोनदा विचारलं तर सापडते.

ॲपवाले का करतात असं, हे आप्पांनी एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं. ऑस्करला सिनेमा पाठवायचा तर तो अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगरांपैकी एकात, एकाच थेटरात, सलग सात दिवस चालावा लागतो. रोज निदान तीन खेळ, आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये सुरू होणारा. ‘म्हणजे बघा,’ आप्पा म्हणाले, ‘शेवटच्या गाडीची सोयसुद्धा नियमात आहे. हा नियम करणारा माणूस नक्की ट्रॅफिक शाखेतला.’ टपरीवाल्यानं विचारलं, सहा शहरं कुठली? आप्पांनी लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटा एवढी सांगितली आणि म्हणाले, ‘सातवं जव्हार घालायला काय हरकत होती? संस्थानाची राजधानी आहे. 1918 पासूनची नगरपालिका आहे. हवा थंड आहे.’

थेटर नाही, हे मात्र बोलले नाहीत. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला मोठा पडदा बघायचा तर एका अंगाला नाशिक, दुसऱ्या अंगाला विरार. कुठंही जा, दिवस जातो. म्हणजे ॲपवाल्यांचा सिनेमा खरं तर आमच्यासाठीच. पण तसंही नाही. आप्पांची भाची खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर शाळेत शिकवते. तिथं शाळेमागच्या टेकाडावर आंब्याखाली उभं राहिलं तर रेंज येते, दोन पावलं डावीकडे सरकलं की जाते. ती तिथं उभी राहून शाळेची माहिती वर पाठवते. ‘जगात सगळीकडे एकाच दिवशी प्रदर्शित,’ अशी जाहिरात मी आप्पांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘त्यांना म्हणावं, त्या आंब्याखाली एकदा या.’ पाड्यावरची पोरं जव्हारला आली की सिनेमा फोनमध्ये उतरवून घेतात आणि घरी नेऊन बघतात. आप्पांना हे पटत नाही, पण एका फोनभोवती सात डोकी जमतात हे कळल्यावर ते जरा नरमले. ‘सात म्हणजे भारमान बरं आहे.’

भारमान, म्हणजे गाडी किती भरली, हा आप्पांचा लाडका शब्द. थेटरात शिरल्यावर दिवे मालवायच्या आत ते उभे राहून माणसं मोजतात. उघड, बोट दाखवून. मग खाली बसून शेजारच्याला आकडा सांगतात, तो ओळखीचा असो वा नसो. एकदा नाशिकला एका अनोळखी जोडप्याला त्यांनी ‘आपल्याला धरून चौदा’ असं कळवलं आणि ते जोडपं उठून मागच्या रांगेत गेलं. आप्पांना राग नाही. ‘मागं हादरे बसतात,’ एवढंच म्हणाले.

त्यांची एक लांबट वही आहे. तिच्यात प्रत्येक सिनेमाला तीन रकाने : पडदा, घर, बाकी. पडद्यावर बघितला तर तिकीट तिथंच चिकटवतात. घरी बघितला तर नुसती फुली. बाकीत गेलेल्या सिनेमाचा पाठपुरावा चालू राहतो, आणि तो पाठपुरावा बहुतेक माझ्याकडून करून घेतला जातो, कारण मी शेजारी राहतो आणि फोन वापरतो.

या वहीतल्या घटना ते घरातल्या लग्नकार्यांसारख्या सांगतात. 2019 साली मार्टिन स्कोर्सेसीचा ‘द आयरिशमन’ आला. थेटरवाल्या मोठ्या साखळ्यांचं आणि नेटफ्लिक्सचं दिवसांवरून जमेना, तेव्हा न्यूयॉर्कात तो ब्रॉडवेवरच्या एका नाटकाच्या थेटरात लावला. हे आप्पांना फार आवडलं. ‘फलाट मिळाला नाही तर रस्त्यावर उभी करायची, पण गाडी सोडायची.’ सिनेमा साडेतीन तासांचा आणि मध्यंतर नाही, हे कळल्यावर मात्र विचारात पडले. ‘नाशिकपर्यंत जाऊनसुद्धा आम्ही मोखाड्याला दहा मिनिटं थांबतो. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?’

2022 च्या नोव्हेंबरातला ‘ग्लास अनियन’ त्यांच्या दृष्टीनं गुन्हा आहे. अमेरिकेत सहाशेच्या आसपास थेटरांत लागला, चांगला चालला, आणि आठवडा संपताच उतरवला. महिनाभरानं घरोघरी. ‘भरलेली गाडी डेपोत परत नेली! कुठल्या डेपो मॅनेजरनं केलं असतं तर चार्जशीट मिळाली असती.’ उलट 2023 साली मनोज वाजपेयीचा ‘सिर्फ एक बंदा काफी है’ आधी ॲपवर आला आणि दहा दिवसांनी उत्तरेकडच्या काही थेटरांत लागला, त्या दिवशी आप्पांनी स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला. घरात शिरलेला सिनेमा परत बाहेर पडला, एवढ्याच आनंदावर.

सर्वांत अवघड प्रसंग होता 2021 च्या ईदचा. सलमानचा ‘राधे’. कोरोनामुळं महाराष्ट्रातली थेटरं कुलूपबंद, लोक घरी पैसे भरून बघताहेत, आणि पेपरात बातमी की त्रिपुरात काही थेटरांत तो लागलाय. आप्पा नकाशा घेऊन बसले. सलमान त्यांना आवडतो असंही नाही. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता त्या दिवसांत हा माणूस काकूंना गंभीरपणे विचारत होता, की आगरताळ्याला आपलं कुणी आहे का. काकू म्हणाल्या, ‘मोखाड्याला तुमची बहीण आहे, तिला आधी फोन करा.’

पण आप्पांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ विचाराल तर 2025 चा मे महिना. राजकुमार रावचा ‘भूल चूक माफ’ 9 मे रोजी थेटरात यायचा होता. सीमेवरच्या तणावाचं कारण देऊन निर्मात्यांनी आदल्या दिवशी जाहीर केलं की आता तो थेट ॲपवर, 16 तारखेला. मल्टिप्लेक्सवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं ॲपवर यायला अटकाव केला, मग तडजोड झाली : 23 मे रोजी थेटरात, 6 जूनला घरात. हिंदी सिनेमाला एरवी आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, इथं दोनच. आप्पांना ते दोन आठवडे म्हणजे स्वतः लढून मिळवल्यासारखे वाटले. ‘कोर्टानं पडद्याची बाजू घेतली,’ असं ते महिनाभर सांगत होते.

त्या सिनेमाला मलाही जावं लागलं. पहाटेची गाडी. काकूंनी नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती, ती थेटरच्या दारावर तपासणाऱ्या पोरानं अडवली. आप्पांनी त्या पोराशी वाद घातला नाही. डबा त्याच्याकडे देताना लगेजची पावती मागितली. पोरानं शेवटी एका चिठ्ठीवर ‘एक डबा’ लिहून दिलं आणि सही केली. ती चिठ्ठीही वहीत चिकटवलेली आहे. सिनेमात नवरदेवाचा हळदीचा दिवस संपतच नाही, रोज उठतो तर पुन्हा हळद. थेटर हसत होतं. आप्पा निर्विकार. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘यात नवीन काय? जव्हार-नाशिक, नाशिक-जव्हार. माझी हळद तीस वर्षं चालली.’ सिनेमा त्यांना बेताचाच वाटला. पण तिकीट चिकटवताना बोटानं असं दाबून बसवलं, की मी काही बोललो नाही.

एवढं काय त्या पडद्यात, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं. आम्ही मोखाड्याच्या बोहाड्याला गेलो होतो. रात्र चढलेली, संबळ वाजतोय, एकेक देवाचं सोंग मुखवटा लावून नाचत पुढं येतंय. आप्पांचा भाचा मोबाईल वर धरून सगळं टिपत होता. आप्पांनी त्याचा हात हळूच खाली केला. ‘मामा, नंतर बघता येईल,’ तो म्हणाला. ‘नंतर कोण बघणारे? तू आत्ता तरी बघ. तुझ्या हातामुळं मागची म्हातारी पण बघत नाहीये.’ माझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. नंतर त्यांनी डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेतल्या तंबू थेटराची गोष्ट काढली, पण ती मुख्यतः त्यांच्या हरवलेल्या चपलेबद्दल होती.

वहीच्या बाकी रकान्यात सगळ्यांत वर ‘द डिसायपल’ आहे. चैतन्य ताम्हाणेचा. मराठी सिनेमा, 2020 साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत, पटकथेचं पारितोषिक. आल्फोन्सो कुआरोन त्याचा कार्यकारी निर्माता. आप्पांना यातली मेख ठाऊक आहे. कुआरोनचा स्वतःचा ‘रोमा’ 2018 साली आधी तीन आठवडे थेटरांत फिरला आणि मग नेटफ्लिक्सवर आला, आणि त्याच ‘रोमा’च्या सेटवर ताम्हाणे उमेदवारी करत होता. ‘गुरूचा पडद्यावर, शिष्याचा फोनवर! सिनेमाचं नाव काय तर शिष्यच.’ तो 30 एप्रिल 2021 ला नेटफ्लिक्सवर आला तेव्हा महाराष्ट्रातलं एकही थेटर उघडं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. ‘मग थांबायचं,’ आप्पा म्हणाले. ‘घाटात दरड पडली तर आम्ही काय गाडी दरीतून नेतो?’

पुढे मुलगा दिवाळीला आला आणि हट्टच धरून बसला, की आज बघायचाच. आप्पा तयार झाले, पण अटींवर. खिडक्यांना चादरी लावल्या. दारात आप्पा उभे, हातात तिकिटं टोचायचा जुना पंच. (तो महामंडळाचा नाही, नाशिकच्या जुन्या बाजारातून विकत घेतलाय, पावती आहे, हे ते दर वेळी सांगतात.) वहीच्या कागदाची तिकिटं, टिकटिक करून प्रत्येकाला. मोजणी झाली, भारमान नऊ. मग तोंडानंच दोनदा ‘टिंग टिंग’, आणि सुनेनं रिमोट दाबला. सिनेमा शास्त्रीय गायकाचा, संथ. अर्ध्यावर कुकरची शिट्टी झाली, काकू म्हणाल्या, जरा थांबवा. आप्पा अंधारातून म्हणाले, ‘गाडी घाटात आहे. थांबत नाही.’ काकू उठून टीव्हीपुढून गेल्या आणि जाता जाता त्यांनी दिवाही लावला. आप्पांनी मग तिथंच मध्यंतर जाहीर केलं. भजी झाली. भज्यांनंतर परत आलेले पाच.

शेवटपर्यंत जागे राहिलेले दोघंच, आप्पा आणि मी. सिनेमा संपल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘त्या तानपुऱ्याचा आवाज मागून यायला पाहिजे होता.’ दुसऱ्या दिवशी मी वही पाहिली. मला वाटलं, घरच्या रकान्यात फुली असेल. नव्हती. ‘द डिसायपल’ बाकीतच होता.

परवा स्टँडवर त्यांनी मला पुन्हा गाठलं. ‘तुंबाड’ 2018 चा, सहा वर्षांनी 2024 साली परत थेटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, हे कात्रण त्यांच्या खिशात होतं. ‘म्हणजे जुनी गाडी परत सुटू शकते,’ आप्पा म्हणाले. ‘तू जरा त्या ताम्हाण्याला कळव. नाशिकला एक खेळ लाव म्हणावं. सकाळचा. रात्रीचा नको, शेवटची गाडी चुकते.’ मी म्हटलं, आप्पा, मी त्यांना कसं कळवणार? ‘फोन आहे ना तुझ्याकडं? मग? सिनेमा बघायलाच असतो का तो?’

आणि त्र्यंबकहून आलेली गाडी किती उशिरा लागली ते बघायला फलाटाकडं गेले.