सेंटर निगेटिव्ह

लालबाग-परळच्या प्रत्येक बेंजो पार्टीत एक अप्पा असतात. ते वाजवत काहीच नाहीत. टी-शर्ट मात्र पार्टीचाच, आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. आपला बेंजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. त्याला पिकअप लावून पुढे गिटारची पेडलं जोडली की आवाज भारतमाता थिएटरपर्यंत जातो. तो जाईपर्यंतचा सगळा जिम्मा अप्पांचा.

पोरं हाताला येईल तो अडॅप्टर खुपसतात. अप्पा ओरडतात, "थांब! आधी सेंटर बघ!" बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनेच्या आत निगेटिव्ह. वायफायच्या डब्याचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा, आणि आत पॉझिटिव्ह. पिन मात्र पत्रिका जुळल्यासारखी बसते. सगळा घात तिथेच.

छापील आकड्यावर अप्पांचा विश्वास नाही. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडॅप्टर लोड नसताना मीटरवर १२-१३ दाखवतो. "लिहिलंय काय, देतोय काय!" हे ते अशा सुरात म्हणतात की शेजारी उभ्या कार्यकर्त्यांना आपल्याबद्दलच चाललंय असं वाटतं.

"अप्पा, हा एक अँपिअरचा आहे, पेडल जळेल?" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर: "व्होल्ट देणाऱ्याच्या मर्जीचे, अँपिअर घेणाऱ्याच्या!" म्हणजे व्होल्ट नेमके हवेत, अँपिअर जास्त असले तरी पेडल हवे तेवढेच ओढतं. एवढं सरळ ते कधी सांगत नाहीत.

कुणाच्या तरी भाच्याने अमेरिकेहून पेडल आणलं, सोबत तिथला १२० व्होल्टचा अडॅप्टर. आपल्याकडे भिंतीत २३०. अप्पांनी भिंग लावून 'इनपुट' वाचलं, अडॅप्टर जप्त केला आणि त्यावर चिठ्ठी डकवली: 'फक्त अमेरिकेत वापरणे.' अप्पा स्वतः कल्याणच्या पुढे गेलेले नाहीत.

मग बारा व्होल्टच्या अडॅप्टरमधून पेडलांसाठी नऊ काढायला ते लॅमिंग्टन रोडला जातात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण अप्पांसाठी लॅमिंग्टनच. दहा दुकानांत भाव काढून तीन पायांची ७८०९ आयसी आणि दोन कपॅसिटर आणतात, आणि गॅलरीत सोल्डरिंगचा धूर सुरू होतो. काकू खोकतात, तो त्यांचा निषेध. बारा व्होल्ट आत, नऊ बाहेर.

"उरलेले तीन कुठे गेले, अप्पा?"

"आयसीला हात लावून बघ."

पाच पेडलांचा लोड असतो. पोरगं हात झटकतं. तीन व्होल्टची उष्णता झाली, हे त्याला पुन्हा कधी सांगावं लागत नाही.

यंदा गणपतीच्या आगमनाला बेंजो मध्येच बंद पडला नाही, तर ट्रॉलीमागे वायरींच्या गुंत्यात बसलेल्या माणसाला एक कटिंग विचारा. आणि घरात जुना अडॅप्टर पडला असेल तर तोही नेऊन द्या. "कशाला उगाच" म्हणतील, पण परत देणार नाहीत.